काजळी

शिन काकूंनी दारावरच्या लाल पट्टीवरून पुन्हा एकदा तळहात फिरवला आणि तिची सुटलेली कड दाबून बसवली. दिग्दर्शक दोउ वेन गल्लीच्या तोंडाशीच थांबला.

काल तो घरोघर सांगून गेला होता, "उद्या रोजच्यासारखंच राहा. काही करू नका." आणि आज कोळशाच्या खाणीलगतच्या या गल्लीतल्या भिंती घासून लख्ख होत्या. नवं वर्ष चार महिने लांब असताना दारोदारी सणाच्या लाल पट्ट्या चिकटल्या होत्या. घरं पाडायची म्हणून पालिकेने रंगवलेली पांढरी खूण त्यांच्याखाली दडली होती. पाडणारं यंत्र उद्या सकाळी येणार होतं. चित्रीकरणाला आजचाच दिवस होता.

"पट्ट्या पाण्याने निघतील," कॅमेरावाला लुओ म्हणाला. "भिंतींना राख फासू. कोणाला कळणार?"

सव्वीस वर्षं सिनेमे करताना दोउने कधी खोटी भिंत रंगवली नव्हती. एका दृश्यात बस खरोखर उशिरा यावी म्हणून तो एकोणीस दिवस थांबला होता. त्याचे सिनेमे परदेशात गाजत. इथे लोक ते जुन्या टीव्हीवर बघत आणि प्रत्येकाला त्यात आपला खोकला ओळखू येई.

"काकू, मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस. पण मागच्या सिनेमात माझं दार घेतलंस, तेव्हा दोरीवर नातवाची लंगोटी वाळत होती. फ्रान्सपर्यंत पोचली म्हणे!"

गल्ली हसली.

"लोकांना आवडली ती," दोउ म्हणाला.

"आवडली असेल. दार माझं आहे."

मग त्यांचा आवाज खाली आला. "एकेचाळीस वर्षं रोज पुसतेय मी ही काजळी. तू येतोस तोवर परत बसलेली असते. तुला काजळी दिसते, वेन. पुसणारी दिसत नाही."

लुओ बादली घेऊन आला. "भिजवू का पट्ट्या?"

शिन काकू दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

दोउने बादली त्याच्या हातातून घेतली. शेजारचं घर महिन्यापूर्वीच रिकामं झालं होतं. त्याची भिंत तेवढी काळी उरली होती. दोउने फडकं बुडवलं आणि ती घासायला लागला. काळे ओघळ थेट त्याच्या बुटांवर उतरले.

"अरे, असं नाही! वरून खाली घे. तुझ्या आईने काही शिकवलं नाही का तुला?" काकूंनी फडकं हिसकावून घेतलं.

दोउ बाजूला झाला. लुओने त्याच्याकडे पाहिलं, आणि कॅमेरा वळवला.

चार हात मारल्यावर काकू थबकल्या. मागे न बघता त्यांनी विचारलं, "चालू आहे ना रे?"

"चालू आहे. नको असेल तर बंद करतो, काकू," दोउ म्हणाला.

काकूंनी सणाच्या रेशमी कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.