दूरदेशीचा पाहुणा

"रिम्मा ल्वोव्हना, मुकुट सरळ करा, कलंडलाय," वादिम माझ्या कानाशी पुटपुटला. "आणि हसा जरा. पाहुण्याचं स्वागत करायचंय, मयताला नाही आलोय आपण."

वय अठ्ठावन्न, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, हातात नक्षीच्या टॉवेलवर भलाथोरला गोल पाव आणि त्यावर मिठाची वाटी. सव्वीस वर्षं मी आमच्या सांस्कृतिक भवनात नोकरी करते, आणि दर जुलैत नगरदिनाला पाहुण्यासमोर पाव-मीठ धरायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. वादिम आमचा नवा संचालक. माझा मुलगा त्याच्याहून मोठा आहे.

यंदा पाहुणाच नव्हता. पूर्वी जर्मनीहून, फिनलंडहून मंडळी यायची. आता कोण येतंय! पण पत्रिकेत 'परदेशी पाहुण्याचं स्वागत' छापून गेलं होतं, आणि वरच्यांसमोर ते खोडायची वादिमची छाती नव्हती.

"तो आयरिश मास्तर आहे ना तुमच्या ओळखीचा?" त्यानं विचारलं होतं.

"देक्लान? अहो, तो एकवीस वर्षं इथंच राहतो!"

"मग बरंच की. हॉटेलचा प्रश्न मिटला."

खरं तर देक्लानचं नाव मी दुसऱ्या यादीत घातलं होतं. दरवर्षी गावातल्या बारा जणांना 'आपली माणसं' म्हणून महापौर निळा पट्टा घालतात. अर्धं गाव देक्लानकडे इंग्रजी शिकलंय. औषधाच्या दुकानातल्या आमच्या नोन्नाशी त्यानं लग्न केलं, तिला इथंच पुरलं, आणि दर मे महिन्यात तिच्या थडग्याचं कुंपण तो स्वतः रंगवतो. वादिमनं नावावर काट मारली. "एकच माणूस दोनदा कसा चढणार स्टेजवर?"

गुरुवारी मी देक्लानला फोन केला. "शनिवारी बाराला स्टेजपाशी ये. पांढरा शर्ट घाल."

"निळा पट्टा?" त्यानं हळूच विचारलं.

"ये तू," म्हटलं आणि फोन ठेवला. पेन्शनला दोन वर्षं उरली होती माझ्या. भेकड ती भेकडच.

शनिवारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. बँड वाजत होता, मांस भाजल्याचा धूर डोळ्यांत जात होता. बारा जण निळे पट्टे घालून डावीकडे ओळीत उभे होते. देक्लान पायऱ्या चढून आला, दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री, आणि सरळ जाऊन त्या ओळीच्या टोकाला तेरावा उभा राहिला. महापौरांसाठी त्यानं मानही जराशी वाकवली.

"आणि हे पाहा आपले दूरदेशीचे पाहुणे!" वादिम माइकवर ओरडला. कोपराला धरून त्यानं देक्लानला ओळीतून बाहेर काढलं आणि माझ्यासमोर आणून उभं केलं. देक्लाननं पाव पाहिला. मग मला पाहिलं.

"अरे, हे तर आपले देक्लान पात्रिकोविच!" गर्दीतून कुणीतरी आमच्या रीतीनं बापाचं नाव जोडून ओरडलं. हशा पिकला. वादिमचे कान लाल झाले.

"आ-मचं श-हर क-सं वा-टलं?" त्यानं बहिऱ्याला विचारावं तसं विचारलं.

देक्लाननं नीट तोंड उघडलं असतं तर वादिमचं तिथल्या तिथं हसं झालं असतं, आणि सोमवारी त्यानं मला नोकरीवरून घरी बसवलं असतं. देक्लान माझ्या हातांकडे बघत होता. मीठ टॉवेलवर सांडत होतं.

आमच्याच भाषेतल्या माझ्या अर्जांतल्या चुका काढणारा तो माणूस माइकपाशी वाकला. "शहर... खूप छान," तो अडखळत म्हणाला. "माणसं... चांगला. मी... परत येतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या त्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र नाही. त्यानं पावाचा तुकडा तोडला, मिठात बुडवून खाल्ला आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात, आपल्या रोजच्या स्वच्छ बोलीत म्हणाला, "ठेव आता खाली, हात भरून आले असतील."

घरी येऊन मी रडले. माझीच मला शिसारी आली होती.

रविवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला असतो. नोन्ना गेल्यापासून एक रविवार चुकला नाही. दारावर बोट वाजवायचं आणि आत यायचं, ही त्याची रीत. आज येणार नाही असंच मी धरून चालले होते, तेवढ्यात बरोबर दोनला बेल वाजली. दार उघडलं तर तो बाहेरच उभा. एका हातात फुलं, दुसऱ्या हातात रिबीन बांधलेला चॉकलेटचा डबा. एरवी काकड्यांच्या लोणच्याची बरणी बगलेत मारून यायचा.

"हे काय रे? कुणाचं लग्न आहे का?" माझा नवरा ग्लेब आतून ओरडला. "ये की आत!"

"देक्लान, माझं चुकलं," मी म्हटलं. "मला माफ कर."

"कशाबद्दल? कार्यक्रम चांगला झाला. पावही ताजा होता," तो म्हणाला, आणि हसलासुद्धा.

आमच्या दाराशी चपलांच्या फळीवर त्याच्या स्वतःच्या सपाता असतात. तपकिरी, टाचेशी झिजलेल्या, नोन्नानं आणलेल्या. शेजारी टोपलीत आल्यागेल्यासाठी ठेवलेल्या चार जोड्या. त्यानं बूट काढून भिंतीशी सरळ लावले. मग टोपली ओढली, वरचीच एक जोडी घेतली आणि पायांत चढवली. टाचा दोन बोटं बाहेर राहिल्या.

मग तो तिथंच उभा राहिला, मी आत बोलवायची वाट बघत.