हार्लन प्रुएटचं वुड्समन

हार्लन प्रुएटला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, आर्डिथनं, त्याची चीजवस्तू विकायला काढली. खोगिरं पहिल्याच सकाळी गेली, पाठोपाठ ट्रकही गेला. पिस्तूल मात्र तिनं अंगणात मांडलंच नव्हतं. ते स्वयंपाकघरात पावाच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं आणि कोणाला दाखवायचं ते ती माणूस बघून ठरवत होती.

मॅव्हिस टॉलिव्हरला तिनं आत बोलावलं. मॅव्हिस लँडर गावाच्या आसपासच्या रँचवर पवनचक्क्या दुरुस्त करायची. पन्नाशी उलटली तरी शिडी चढताना कोणाचा हात घेत नसे. प्रुएटांच्या विहिरीवरची चक्की कित्येक वर्षं तिनंच चालती ठेवली होती.

फडकं उलगडलं तशी मॅव्हिस पुढे वाकली. कोल्ट कंपनीचं जुनं वुड्समन पिस्तूल. लांब, सडपातळ नळीचं, तिच्या आईच्या जन्माआधी घडलेलं. असं एखादं आपलं असावं हे तिच्या मनात लहानपणापासून होतं, पण जी बघायला मिळाली ती एकतर काचेच्या कपाटात असायची नाहीतर पार मोडकी. तिनं मुठीतून गोळ्यांची पट्टी, म्हणजे मॅगझिन, काढली, वरचा भाग मागे ओढून आत काही नाही याची खात्री केली, मागच्या बाजूला अंगठ्याचं नख धरलं आणि नखावरच्या उजेडात नळीतून पाहिलं.

“कशी आहे?” आर्डिथनं विचारलं.

“तुमच्या नवऱ्यानं नळी पुसायला कधी कंटाळा केलेला नाही. आतून आरसा आहे. बाहेरून मात्र हाल झालेत.”

“बाहेरून त्याचेही झाले होते,” आर्डिथ म्हणाली.

तिनं किंमत सांगितली. मॅव्हिसनं मान हलवली. “कमी सांगताय, प्रुएटबाई. कोणी जाणता भेटला तर दीडपट देईल.”

“मग तू दे की दीडपट.”

मॅव्हिस हसली आणि तिनं तेवढे दिले.

तिचा थोरला भाऊ लायल याचं ठोकलेल्या गाड्या सरळ करून रंगवण्याचं दुकान होतं. खरवडलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. पिस्तूल बघून तो म्हणाला, “हे काय, नळाची तोटी आणलीस? माझ्या ओळखीचा एक जण आहे कॅस्परला. घासूनपुसून नवा निळा मुलामा चढवून देईल. नवरीसारखं दिसेल.”

“मला नवरी नकोय.”

“मग काय म्हातारी हवीय?”

“हो. आपल्यासारखी.”

लायल ऐकणाऱ्यातला नव्हता. त्यानं नळीचं टोक दाखवलं. कातडी म्यानात घासून घासून तिथला मूळचा निळा मुलामा उडाला होता आणि पोलाद पांढरं पडलं होतं. मुठीच्या वर, डाव्या अंगाला, अंगठ्याएवढा तसाच एक डाग होता. “हे असं ठेवणार तू?”

“गंज काढणार. झीज ठेवणार. दोन्हीत फरक असतो, लायल.”

ते बोलणं सोपं होतं, करणं नव्हतं. लाकडी मुठींखाली तांबडा गंज बसला होता. मॅव्हिसनं मुठी काढल्या, तेल लावलं आणि तसंच ठेवून दिलं. पुन्हा लावलं, पुन्हा ठेवलं. मग दात कोरायच्या काडीनं आणि पितळी तारांच्या मऊ घासणीनं, जेवढा सुटेल तेवढाच गंज सोडवला. हात भरभर चालायला लागला की ती उठून कॉफी पिऊन यायची, कारण घाई झाली की गंजाबरोबर निळा मुलामाही जातो. मुठींच्या अक्रोडाला बोटानं जवसाचं तेल चोळलं. एकदा आतली स्प्रिंग बसवताना हातातून सटकून उडाली. भाऊबहीण दोघंही गुडघ्यांवर रांगत चुलीखाली शोधत राहिले आणि ती सापडली कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात.

“हार्लनही असाच रांगत असेल,” लायल धापा टाकत म्हणाला. त्यानंतर कॅस्परच्या माणसाचं नाव त्यानं काढलं नाही.

मात्र पहिल्यांदा उडवून बघायच्या दिवशी तो गोळ्यांची नवी खोकी घेऊन आला. जोरदार, वेगवान, दुकानातल्या सगळ्यांत महाग. मॅव्हिसनं ती बाजूला सारली आणि पिस्तुलाची पाठ त्याच्यापुढे धरली. तिथं चौकटींची बारीक नक्षी होती.

“ही नक्षी म्हणजे जुन्या घडणीची खूण, जुनं हाड. हे साध्या गोळीसाठी घडवलंय. तुझी गोळी रोज पचवायला लावली तर आतून फुटेल.”

“म्हणजे हिला पथ्यपण आहे?”

“तुलाही आहे. तू पाळत नाहीस एवढंच.”

साध्या गोळ्यांवरही ते दोनदा अडकलं. दोष पट्टीतल्या थकलेल्या स्प्रिंगचा होता. मॅव्हिसनं ती बदलली, जुनी तेल लावून जपून ठेवली, आणि मग वुड्समन असं चाललं की जणू मधली वर्षं झालीच नव्हती.

सप्टेंबरात गावाबाहेरच्या मैदानावर जुन्या पिस्तुलांची नेमबाजी होती. सेजच्या झुडपांवरून वारा सुटला होता आणि लोक टोप्या धरून बसले होते. आर्डिथ घडीची खुर्ची घेऊन आली. तिनं आधी पिस्तूल मागून घेतलं, रिकामं आहे ना बघितलं आणि डाव्या अंगाच्या पांढऱ्या डागावर आपला अंगठा ठेवला.

“मला वाटलं होतं, तू हे घालवशील.”

“ती त्यांच्या अंगठ्याची कमाई आहे,” मॅव्हिस म्हणाली. “मी कोण घालवणार?”

आर्डिथनं बराच वेळ अंगठा उचलला नाही.

मॅव्हिस तिसरी आली. वाऱ्यात चांगल्या चांगल्यांचे नेम हुकले, काहींची चकचकीत पिस्तुलं मध्येच रुसली, पण वुड्समन एकदाही अडकलं नाही. डेन्व्हरच्या एका संग्राहकानं ते हातात घेऊन दोनदा उलटंपालटं केलं आणि विकणार का, असं विचारलं.

“नाही.”

“आकडा तरी ऐका.”

“ती नाही म्हणाली,” लायल मध्येच बोलला. “आणि त्या पांढऱ्या डागाला हात लावू नका. तो अस्सल आहे. मुलामा दिला असता तर वाटोळं झालं असतं.” एवढं बोलून त्यानं आजूबाजूच्या चारपाच जणांना बोलावून गंज आणि झीज यांतला फरक समजावून द्यायला सुरुवात केली. मॅव्हिस नुसती बघत राहिली. तिची मान मात्र आपोआप ताठ झाली होती.

माणसं पांगायला लागली तसं मॅव्हिसनं आर्डिथला विचारलं, “तुम्ही उडवणार?”

“हार्लननं मला कधी उडवू दिलं नाही.”

“का?”

“एकदा दिलं होतं. माझा नेम त्याच्यापेक्षा चांगला निघाला.”

मॅव्हिसनं पाच गोळ्या भरून दिल्या. आर्डिथ खुर्चीतून उठली, पाय रोवले, वारा पडायची वाट पाहिली. पाचातल्या चार निशाणाच्या काळ्या वर्तुळात गेल्या. पिस्तूल रिकामं करून तिनं मॅव्हिसच्या हातात दिलं आणि टोपी नीट केली.

लायलनं आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर फडकं अंथरलं. मॅव्हिसनं तिथंच नळी पुसायला घेतली आणि आर्डिथ शेजारी उभी राहून तेलाची बाटली धरू लागली.