खारट ताडपत्री

भैरोबाच्या भंडाऱ्याला न पेटणारी ताडपत्री आणायचं काम तळवड्याच्या पंचांनी उद्धवरावांवर टाकलं. त्याचं कारण एवढंच की हा माणूस पिंपरीला पेनिसिलीनच्या कारखान्यात कामाला होता. तिथं वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असत. बादल्या रोज बघणाऱ्याला आगीतलं सगळं कळतं, अशी पंचांची समजूत, आणि उद्धवरावांना ती काही खोडवली नाही.

पण काम अंगावर घेण्याचं त्यांचं खरं कारण घरात होतं. मागल्या चैत्रात भंडाऱ्याच्या चुलाणावर ताणलेली ताडपत्री पेटली आणि त्यांच्या बायकोचा, दुर्गाबाईचा, डावा हात कोपरापर्यंत भाजला. वीस वर्षं भंडाऱ्याची आमटी तिच्याच हातची. पण त्या दिवसापासून ती चुलाणाकडे फिरकली नाही. कुणी विषय काढला की उठून आत जायची. उद्धवरावांचा जीव तुटायचा.

चाकणला मीरासाहेबांच्या दुकानात पलटणीच्या लिलावातला माल मिळे. त्यांनी दोन ताडपत्र्या उलगडल्या. हिरवी मेणचट, मऊ, बघताच आवडावी अशी. काडी लावली तर भसकन पेटली. खाकी मात्र ताठ, वर पांढरी भुकटी. काडीनं ती नुसती काळी पडली, जाळ काही धरेना.

"हीच न्या. पावसात तेवढी नेऊ नका," मीरासाहेब म्हणाले. "जीभ लावून बघा."

उद्धवराव पुरते गोंधळले. भर बाजारात ताडपत्री चाटायची? तरी चाटली. खारट लागली. पाऊस का नको, ते विचारायचं राहिलं. गळत असेल, असं त्यांनी आपलं आपणच ठरवलं. चैत्रात कुठला आलाय पाऊस.

दुर्गाबाईनं ओसरीवरच्या त्या घडीकडे बघून नाक मुरडलं.

भंडाऱ्याला तीन दिवस उरले तेव्हा उद्धवरावांनी देवळापुढं गाव जमवलं. घडी उचलताना जरा मऊ लागली, पण ऐटीच्या भरात तिकडे लक्ष कोण देतो. औंदा आमटीचं काम जिच्याकडे आलं होतं त्या आक्काबाईच्या आडून बायकोही बघत होती. त्यांनी काडी ओढली, कोपऱ्याला लावली आणि कोपरा पेटला. लोकांनी चपलांनी बडवून विझवला. तीच ताडपत्री, तीच काडीपेटी, मग झालं काय? उद्धवरावांचं डोकं चालेना. मागं बघितलं तर दुर्गाबाई निघून गेली होती.

त्यांनी तशीच सायकल चाकणला हाणली. मीरासाहेबांनी ताडपत्रीच्या न जळालेल्या कडेला जीभ लावली.

"खारटपणा गेलाय. कुणीतरी धुतली हिला."

"ताडपत्री कोण धुतंय, मीरासाहेब?"

"ते मला काय ठावं? आग अडवणारा मसालाच पाण्यात गेला. तुरटी अन् टाकणखाराच्या पाण्यात बुडवा, कडक वाळवा, व्हईल पहिल्यावाणी." त्यांनी दोन्हींच्या पुड्या बांधून दिल्या.

वाटेत उद्धवरावांचा निम्म्या गावावर संशय घेऊन झाला. घरी पोचले ते तापूनच.

"ताडपत्री कुणी धुतली?"

"मी." दुर्गाबाईनं मागं वळूनही बघितलं नाही. "तुमी पाळीला गेलात की इंद्रायणीवर न्यायची अन् आपटायची. चार दिस. कुणाकुणाच्या अंगाखालची ती. तसल्या कापडाखाली बसून देवाचा सैपाक कसा करायचा?"

उद्धवरावांच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. "तू बसणार व्हतीस?"

"व्हते." तिनं डावा हात पदराखाली घेतला. "आता न्हाई."

"अगं, ती भुकटीच आग अडवत व्हती," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं, डोळेही भरले. दुर्गाबाईला वाटलं, उन्हातनं सायकल हाणून माणूस बिघडला. ते हंड्यात तुरटी अन् टाकणखार कालवायला बसले. थोड्या वेळानं ती उठली आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी कडक वाळलेली ती ताडपत्री दुर्गाबाईनं स्वतः चाटून बघितली. मग काडीपेटी मागितली. भाजलेल्या हातानंच काडी धरली, कोपऱ्याला लावली आणि बोटांपर्यंत जळू दिली. कापड काळं पडलं, पेटलं नाही.

"आक्काबाईला सांगून या," ती म्हणाली, "औंदा आमटीचा मसाला मी वाटणार हाय."