थंडीत दुखणाऱ्या गाठी

केनेउवेच्या खांद्यांवर आणि पाठीवर मसुराएवढ्या तांबूस गाठी होत्या. उन्हाळ्यात त्या असून नसल्यासारख्या. थंडी पडली की मात्र तापलेली सुई टोचावी तशा ठणकायच्या. मासेरू शहरातल्या जीन्सच्या कारखान्यात ती शिलाईला होती. बरोबरच्या बायका म्हणायच्या, "हे निळ्या पाण्याचंच काम." कारखान्यामागचा ओढा रंगाने निळा झालेला आणि केनेउवेची खोली त्याच ओढ्याच्या काठाला. तिशीच्या आतच तिच्या गर्भाशयात इतक्या गाठी झाल्या की ते काढून टाकावं लागलं, तेव्हाही बायकांनी पाण्यालाच बोल लावला. नवऱ्याने कुणालाच बोल लावला नाही. तो डर्बनला कामाला गेला आणि तिकडचाच झाला.

केनेउवे तेव्हा रडली नाही. आतलं काहीतरी बधिर झालं होतं, जास्त वेळ मांडी घालून बसल्यावर पाय होतो तसं. पायाला मुंग्या तरी येतात. तिला त्याही आल्या नाहीत.

पुढे काही वर्षांनी लघवीतून रक्त गेलं. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडावर गाठ दिसली. डॉक्टर रामाखुला नावाची तरुण बाई तिला तपासत होती. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवता ठेवता तिचा हात थांबला.

"म्मे केनेउवे, हे कधीपासून आहे?" पोटी पोर नसलेल्या बाईलाही म्मे, आई, म्हणायची रीत. ते टोचायचं बंद होऊन केनेउवेला बराच काळ लोटला होता.

"पंचविशीपासून असेल."

"घरात अजून कुणाला?"

"वडिलांना होत्या. पाठभर. ते मूत्रपिंडाच्या कॅन्सरने गेले. सोन्याच्या खाणीत होते ना. धूळ."

"त्यांना बहीण?"

"एक आत्या आहे. तिलाही मूल नाही. पोटात गाठी होत्या म्हणून..." केनेउवे बोलता बोलता थांबली.

डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, "आईकडून किंवा वडिलांकडून मुलांकडे उतरणारा एक दोष असतो. कातडीवर गाठी, गर्भाशयात गाठी, आणि काहींच्या मूत्रपिंडात कॅन्सर. तिन्ही एकाच मुळाचे. रक्त तपासायला पाठवू. पण मूत्रपिंड आधी काढायचं, थांबायचं नाही. हा कॅन्सर लहान असतानाच पसरतो."

सीमेपलीकडे, ब्लोएमफाँटेनच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. गाठ फार वाढलेली नव्हती. टाके सुकेपर्यंत रक्ताचा निकालही आला. डॉक्टरचा अंदाज खरा होता.

"म्हणजे निळ्या पाण्याने नाही झालं?" केनेउवेने विचारलं.

"पाण्याने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. धूर, धूळ, रसायनं, सगळं शरीराला छळतंच. सिगारेटीने मूत्रपिंडाचा कॅन्सर होतो हे तर माहीतच आहे. पण तुमच्या बाबतीत कशाचा वाटा किती, ते मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. जन्मतः दोष होता एवढं नक्की." मग ती म्हणाली, "तुमच्या भावाला सांगायला हवं. त्याला मुलं आहेत?"

"एक मुलगी. नालेदी."

"मग लवकर सांगा."

गाव वर डोंगरात. बस एका वळणापर्यंत जायची, पुढे चालत. केनेउवे पोचली तेव्हा शेणकुटांचा धूर घरात कोंडला होता. आत्या मालेफू चुलीशी बसली होती, भाऊ लेबोना दारात सिगारेट ओढत होता. नालेदीने मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाची, पापाची, ताटली पुढे केली, वर मोरोहोची पालेभाजी. जेवण झाल्यावर केनेउवेने सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज बसचं वेळापत्रक सांगावं तसा सपाट होता. ते तिचं तिलाही ऐकू येत होतं.

लेबोना भडकला. "खाणीने मारलं बाबांना. सगळ्या गावाला माहीत आहे. आता तू शहरातून येतेस आणि म्हणतेस, बाबांचंच रक्त नासकं होतं?"

"नासकं नाही म्हटलं मी."

"मग काय म्हटलंस? मेलेल्या माणसावर ढकलायला सोपं पडतं."

आत्या मालेफू खालमानेने चुलीतली राख सारखी करत होती. तिने मध्येच विचारलं, "केने, ते माझंही तसंच का गं?"

"हो आत्या. बहुतेक."

"मला मूल होईना तेव्हा सासू म्हणाली, मुलीच्या जातीने अंडी खाल्ली की असंच होतं. मी लहानपणी खाल्ली होती, चोरून. आईने कितीदा बजावलं होतं, मुलींनी खायची नसतात म्हणून." तिने राख पुन्हा सारखी केली. "मला वाटायचं, माझ्याच जिभेने माझा संसार खाल्ला."

"अंड्यांचा काही संबंध नाही, आत्या."

"मग एवढी वर्षं अंडी उगाच खाल्ली नाहीत." म्हातारी एवढंच बोलली. हसली नाही, रडलीही नाही. घोंगडी गुडघ्यांवर ओढून बसली. तिच्याकडे बघताना केनेउवेला वाटलं, आपण हिच्यासारख्याच दिसत असू.

लेबोना उठून गोठ्याकडे गेला. केनेउवे त्याच्या मागे गेली. वारा बोचरा होता. त्याने घोंगडी गळ्याशी घट्ट धरली होती आणि उजवा खांदा वर उचलून वाऱ्यापासून चोरला होता. बाबा असेच उभे राहायचे.

"लेबोना, खांदा दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना."

"थंडी आहे, ताई."

"थंडीतच दुखतात ना?"

मग त्याने गुरांकडे तोंड केलं, पाठ तिच्याकडे, आणि घोंगडी खाली सोडली. मानेपासून खांद्यापर्यंत तांबूस गाठींचा पट्टा होता.

"तू तर कधी खाणीत उतरला नाहीस," ती हळूच म्हणाली.

"नाही." त्याने घोंगडी परत ओढली. "बायकोलाही सांगितलं नाही मी. बाबांच्या पाठीवर बघितलं होतं, आणि बाबा कसे गेले तेही बघितलं होतं. धुळीचं म्हटलं की निदान माझ्यापर्यंत येणार नाही असं वाटायचं."

त्याने गोठ्याचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "पोरीलाही न्यावं लागेल का?"

"हो."

"मग तूच सांग तिला. मला जमायचं नाही."

केनेउवेने सांगितलं. नालेदीने सगळं ऐकून घेतलं आणि खांद्यावरून स्वेटर खाली केला. कातडी गुळगुळीत होती. "काही नाही ना?" तिने विचारलं. विशीच्या आत बहुधा नसतात, नंतर येऊ शकतात, हे केनेउवेने लपवलं नाही.

बर्फ वितळून रस्ता मोकळा झाल्यावर तिघं खाली मासेरूला गेली. आत्या मालेफू आली नाही. "आता माझं काय शोधणार?" म्हणाली. लेबोनाच्या रक्तात दोष निघाला, मूत्रपिंडं मात्र साफ होती. डॉक्टरने त्याला दर वर्षी तपासणीला यायला सांगितलं आणि सिगारेट सोडायला लावली. ती त्याने कुरकुरत, दोनदा हरून, अखेर सोडली.

नालेदीच्या रक्तातही दोष निघाला. तिने डॉक्टरला एकच विचारलं, "मला मूल होईल?"

"होऊ शकतं. गर्भाशयाकडे लक्ष ठेवायचं, आणि व्हायचं असेल तर फार उशीर करायचा नाही. तुझी केनेउवे आत्या इस्पितळात आली तेव्हा तिच्या गर्भाशयात गाठी वाढून बसल्या होत्या. तू आधी आलीस."

नालेदी मान हलवून बाहेर बाकावर येऊन बसली. केनेउवे तिच्या शेजारी बसली. मुलीने तिचा हात हातात घेतला. हात गरम होता, थोडा घामटलेला, हे केनेउवेला जाणवलं. तेवढंच जाणवलं. लेबोना औषधांच्या रांगेतून परत येईपर्यंत तिने तो सोडला नाही.