कासवाची झोप

लोह्याजवळच्या त्या मळ्यात अण्णारावांना दुपारची झोप म्हणून काही मिळत नव्हती. डोळा लागला रे लागला की बायको, तुळजाबाई, हजर. "आवो, पाणी पिता का?" जरा वेळानं, "आवो, पंखा वाढवू का?" अन् काहीच सुचलं नाही तर, "आवो, झोपलात का?" आता ह्याला माणसानं काय उत्तर द्यावं!

खरं कारण ती कुणाला सांगत नव्हती. चैत्रात अण्णारावांच्या छातीत कळ आली होती. नांदेडच्या दवाखान्यातून ते बरे होऊन आले, डॉक्टरांनी निवांत झोपू द्या म्हणून बजावलं. पण नवरा निपचित पडलेला दिसला की तिला वाटायचं, गेले की काय. त्यांचा आवाज ऐकला की जीव भांड्यात पडायचा.

त्यात वैशाखात विहीर आटली, पहिल्यांदाच. गडी गाळ काढायला उतरले आणि टोपलीतून वर आलं कासव. पाणी स्वच्छ राहावं म्हणून अण्णारावांनीच ते तलावातून आणून विहिरीत सोडलं होतं. मान आत, पाय आत. तुळजाबाईनं हलवून पाहिलं, पाठीवर टकटक केली. काही नाही.

"मेलं जणू," गडी म्हणाला.

"हळू बोल. मालकाला कळू द्यायचं न्हाई."

कडुनिंबाखाली तिनं ते पुरलं, हळदकुंकू वाहिलं. रोज सकाळी तिथं तांब्याभर पाणी ओतून ती देवाला एकच विनवायची: न्यायचं ते नेलंस, आता माझ्या घराकडं बघू नको.

एके सकाळी ओली माती हलली. आधी नाकाचं टोक आलं, मग मान. तुळजाबाई तांब्या टाकून धावत सुटली, झोपलेल्या नवऱ्याला गदागदा हलवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं.

अण्णाराव हळूहळू आले, कासव बघून हसले. "मेलं नव्हतं गं. उन्हाळा काढत होतं. पाणी आटलं की चिखलात शिरतं अन् पाणी येईस्तोवर झोपून ऱ्हातं. तलावाचा गाळ काढताना लई बघितलीत म्या. तू रोज पाणी घालून उठवलंस त्याला."

"मग चांगलंच झालं की!"

"काय चांगलं? पाणी कुठंय? उन्हात हिंडंल अन् खरंच मरंल. झोपलं तरच जगंल ते."

"घंगाळात ठिवते. डोळ्यापुढं तरी ऱ्हाईल."

"तुला सगळं डोळ्यापुढंच लागतं. सावलीत खोल ठिव, पाणी बंद कर. अन् उकरून बघायचं न्हाई."

मेलेलं समजून पुरताना ती रडली नव्हती. जिवंत कासवावर माती ओढताना मात्र तिला रडू आवरेना.

दुपारी अण्णाराव बाजेवर आडवे झाले. थोड्या वेळानं त्यांचं घोरणं थांबलं. तुळजाबाईचा हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला, "आवो" ओठांवर आलं. तिनं हात मागं घेतला, पदर तोंडात धरला आणि बाजेला टेकून खाली बसली. भीती काही गेली नव्हती. तरी ऊन उतरेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

अण्णाराव आपणहून जागे झाले. घरात चिडीचूप. ते दचकून उठून बसले.

"तुळजे," ते घाबऱ्याघाबऱ्या म्हणाले, "आगं, बरी हायस ना तू?"