इथं कोण बघतंय?

मी एक घडीची लोखंडी खुर्ची बोलतेय. जळकोटच्या भागवतरावांच्या ओसरीवर, दाराच्या डाव्या हाताला भिंतीशी उभी असते ना, तीच. तुम्ही कधी त्या घरी गेला असाल, तर माझ्यावर बसलाही असाल. आल्यागेल्याला पहिल्यांदा मलाच पुढं करतात. ज्या लेकीसाठी मला घेतलं, ती मात्र या घरात माझ्यावर एकदाच बसली, आणि तेही क्षणभर.

मला घेतलं परंड्याच्या एका दुकानातून. ज्ञानोबाआप्पा लेकीच्या लग्नाचा संसार घ्यायला आले होते. भांडी झाली, कपाट झालं, मग खुर्च्या निघाल्या. आप्पांनी मला उघडून फरशीवर ठेवलं आणि लेकीला म्हणाले, "बस की शुभे. कुरकुरती का बघ."

शुभांगी बसली. नुसती बसली नाही, मागंपुढं हलून बघितलं. "न्हाय कुरकुरत, आप्पा. मजबूत हाय."

"मजबूतच पायजे. जलमभर बसायचंय तुला."

माझ्या पाठीवर, टेकायच्या बाजूला, पेंटरनं लाल रंगात लिहिलं, 'चि. सौ. कां. शुभांगीस वडिलांकडून सप्रेम'. मांडवात सगळ्यांना दिसावं म्हणून पुढच्या बाजूला लिहिलं. मला फार मान वाटला होता तेव्हा.

जळकोटला आलो त्या संध्याकाळी गल्लीतल्या बाया संसार बघायला जमल्या होत्या. दोन दिवसांच्या जागरणानं शुभांगीचे डोळे मिटत होते. समोर मी होते, तिच्या बापानं दिलेली, तिचं नाव लिहिलेली. ती सहज बसली.

बोलणं थांबलं. शेजारची सिताबाई, नात्यानं तिची चुलत सासू, तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया! नवरी पाव्हणी हाय का काय?"

सगळ्या हसल्या. सासू कस्तुराबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खाली पोतं अंथरलं आणि हळूच म्हणाल्या, "हितं बस, बाई."

शुभांगी उठली ती उठलीच. कुणी रागावलं नाही, कुणी हात उगारला नाही. पण रागाला माणूस कधीतरी उलट बोलतो. गल्ली हसली की काय बोलणार?

पुढं ती मला रोज पुसायची. माझ्यावर सासरे बसत, नवरा बसे, दूधवाला बसे, मत मागायला आलेले बसत. ज्यानं त्यानं पाठ टेकायची ती तिच्या नावावर. ती उंबऱ्याच्या आत, जमिनीवर. कस्तुराबाई तिच्याच शेजारी, त्याही जमिनीवर. त्यांचेही गुडघे दुखत. पण ओसरीवर पुरुषमाणूस असताना बाईनं खुर्चीवर बसायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं, ते त्यांनाही आठवत नसेल.

मग शुभांगीच्या नवऱ्याला, भागवतला, तुळजापूरच्या एका लॉजवर नोकरी लागली. लॉजच्या मागं एक खोली मिळाली. खोली इवलीशी, म्हणून खुर्च्यांपैकी मी एकटीच गेले.

तिथं मी वेगळी माणसं बघितली. नावं तीच, तोंडं तीच. सकाळी भागवत उंबऱ्यावर बसून चहा प्यायचा आणि शुभांगी माझ्यावर बसून डाळ निवडायची. पाण्यासाठी ती उठायला लागली की तो म्हणायचा, "बस बस. मी घेतो." कधी चहाही तोच करायचा. "साखर लई झाली," ती म्हणायची. "उद्यापासून तूच कर मग," तो म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टोव्हशी तोच. आसपास सगळी बाहेरगावची बिऱ्हाडं. कुणी हसायला नव्हतं.

नवरात्रात कस्तुराबाई देवीच्या दर्शनाला आल्या. पायऱ्या चढून-उतरून पाय सुजले होते. शुभांगी झटकन उठली आणि मला पुढं सरकवलं. "बसा, आत्याबाई."

कस्तुराबाईंनी दाराकडं बघितलं. भागवत तिथंच उभा होता.

"बस की आई."

"इथं कोण बघतंय म्हणा," त्या म्हणाल्या आणि बसल्या. पाय पुढं पसरले, डोळे मिटले. एवढं सुख मी कुणाच्या वजनात अनुभवलं नव्हतं. मला वाटलं, झालं, आता सगळं सुटलं. लोखंडाला अक्कल कमीच.

सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि शेती बघायला घरी परतावं लागलं. टेम्पोत मागं सामान, सामानात मी. भागवत आणि शुभांगी गाठोड्यांना टेकून शेजारी शेजारी बसले होते. नळदुर्गपर्यंत तो तिला हसवत होता. जळकोटची कमान दिसायला लागली तशी त्यानं टेम्पो थांबवला, खाली उतरला आणि पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. शुभांगीनं डोक्यावर पदर घेतला. दोघांना काही ठरवायची गरजच पडली नाही.

घरी सामान उतरवून दमलेली शुभांगी सवयीनं माझ्यावर टेकायला आली. टेकली नव्हती अजून. कस्तुराबाईंनी आधी सिताबाईच्या दाराकडं बघितलं, मग सुनेकडं.

"तुळजापूर तिकडंच ठिवून यायचं, बाई."

हीच बाई पाय पसरून माझ्यावर बसली होती. मी कुरकुरले. लोखंडाचं कुरकुरणं कोण ऐकतं?

वर्षं गेली. सासरे गेले, कस्तुराबाई गेल्या, सिताबाईही गेली. बघणारी म्हणून जी होती ती सगळी गेली. शुभांगीचे गुडघे आता सासूसारखे झालेत. उमरग्याच्या डॉक्टरनं सांगितलं, खाली बसू नका. दवाखान्यात ती खुर्चीवर बसते. घरी आली की खाली.

मुलाचं, कृष्णराजचं, लग्न झालं. सून निकिता आली. तिच्या संसारात सोफा आला. माझ्यावर आता गर्दी कमी.

गेल्या महिन्यात यात्रेची बैठक आमच्या ओसरीवर होती. भावकीतली माणसं सोफ्यावर, भागवतराव मधोमध. निकिताला सातवा महिना. ती चहाचा ट्रे घेऊन आली, शेवटचा कप दिला आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं हातानं चाचपलं. मी सापडले. ती बसली.

बोलणं थांबलं. तसंच, त्या पहिल्या संध्याकाळसारखं. कुणाची बशी ओठाशीच राहिली. भागवतराव वर पत्र्याकडं बघायला लागले.

उंबऱ्याच्या आत शुभांगी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मनात म्हणत होते, आठव. दुकानातली फरशी आठव, आप्पा आठव, तुळजापूरची डाळ आठव. तुझ्या सुनेची पाठ तुझ्या नावाला टेकलीय.

शुभांगीनं भावकीच्या तोंडांकडं बघितलं. मग हसून, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "निकिता, पाव्हणी हायेस का गं?"

सगळे हसले. निकिता कमरेवर हात ठेवून उठली आणि खाली जमिनीवर बसली. भागवतरावांनी बशीतला चहा भुरकला आणि विचारलं, "हां, तर पालखीचं काय ठरलं?"

बैठक उठली. निकिता आत जाऊन पडली. ओसरीवर शुभांगी आणि मी. तिनं एक हात माझ्यावर टेकला आणि कळ सोसत स्वतःला वर ओढलं. गुडघे कडकडले. ती उभी राहिली, मला धरून. कुणी नव्हतं. गल्लीही रिकामी होती. इथं कोण बघतंय, शुभे? बस.

तिनं पदराचं टोक घेतलं, मला पुसलं आणि भिंतीला लावून ठेवलं.

अशी मी आहे. उठायला तिला माझा आधार चालतो, बसायला नाही. माझ्या घडीचा एक खिळा निघालाय, तिथं तार बांधलीय. पाठीवरचं नाव पुरुषांच्या पाठींनी पुसून गेलं. कोपऱ्यात एवढंच उरलंय, 'सप्रेम'.

मी शुभांगीला दोष देत नाही. भागवतलाही कसा देऊ? त्याच्या हातचा चहा मी बघितलाय. तीच माणसं मला दोन गावांत दोन तऱ्हांची भेटली, एवढंच सांगते. कमानीच्या आत आलं की सगळी तशीच होतात, आणि 'आपल्यात असंच असतं' म्हणतात.

मी भंगारात जाईन, तेव्हा जाईन. त्याआधी एक मागणं आहे. भरल्या ओसरीवर, सगळे बघत असताना, निकिताला कुणीतरी "बस" म्हणा. आणि जो म्हणेल, त्यानं आधी स्वतः उठावं.