कौतुकाचे दोन शब्द

फोटोत दात दिसले पाहिजेत, केस मोकळे हवेत आणि चेहरा प्रसन्न हवा, असं एजंटानं कळवलं होतं. इंग्रजी शिकवायला दातांचं काय काम, हे लोर्नाला काही केल्या कळेना. तरी ती रोमानाच्या स्वयंपाकघरात पांढऱ्या दारापुढे उभी राहिली आणि बाजारात आणलेल्या घोडीसारखे दात दाखवत राहिली.

"आणखी थोडे दाखव," रोमाना मोबाइल रोखून म्हणाली. "अक्कलदाढ दिसली तर मुख्याध्यापिकाच करतील तुला."

"शी! माझीच मला किळस येतेय गं."

"मग आधी माझा काढ. माझे दात तुझ्यापेक्षा बरे आहेत."

ते खरंच होतं. नुसते दातच नव्हे, बाकीचंही. दोघी इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या एकाच प्राथमिक शाळेत मदतनीस होत्या. नऊ वर्षं दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून पोरांची नाकं पुसायची, पेन्सिली तासायच्या, याला दोघीही विटल्या होत्या. कोरियात जाऊन इंग्रजी शिकवायचं खूळ मुळात रोमानाचं. त्यासाठीचा एकशेवीस तासांचा ऑनलाइन कोर्स दोघींनी तिच्याच टेबलावर, चहाच्या किटल्यांवर किटल्या रिचवत पुरा केला. लोर्ना जन्मभर इंग्रजी बोलत आली होती, पण एखादं वाक्य असंच का म्हणायचं असं कुणी विचारलं की तिची बोबडी वळायची. रोमाना बशा आणि चमचे मांडून तिला ते समजावून सांगायची. परीक्षेत लोर्ना पास झाली ती त्या चमच्यांच्या जोरावर.

रोमानाचा जन्म शेजारच्या कीथलीतला. तिची आजी पाकिस्तानातल्या मीरपूरहून येऊन तिथल्या लोकरीच्या गिरणीत खपली होती आणि आता अस्सल यॉर्कशायरी इंग्रजीत टीव्हीला शिव्या घालायची. तरी महिन्यातून एकदा तरी बसमध्ये कुणी म्हातारी रोमानाच्या हातावर हात ठेवून म्हणायचीच, "पोरी, तुझं इंग्रजी किती छान आहे!" रोमाना गोड हसून म्हणायची, "तुमचंही काही वाईट नाही हं." मग घरी येईपर्यंत दोघी पोट धरून हसत.

कोरियातल्या ब्लू लँटर्न नावाच्या एका शाळेत दोन जागा होत्या. दोघींनी अर्ज केले, पदव्यांवर वकिलाच्या सह्या घेतल्या, सरकारी शिक्के मारून आणले, पोलिसांचे दाखले काढले. तुमच्याबद्दल कुणाला विचारावं, या रकान्यात रोमानानं लोर्नाचं नाव दिलं. नऊ वर्षांची मैत्रीण, दुसरं कुणाचं देणार?

एजंटाचं नाव पिअर्स वेदरॉल. हा गृहस्थ चेल्टनहॅमला बसून माणसं परदेशी धाडायचा आणि स्वतः एक दिवसही वर्गात उभा राहिलेला नव्हता. त्याचा फोन आला तेव्हा लोर्ना शाळेच्या सामानाच्या खोलीत डिंकाच्या बाटल्या मोजत होती.

"तुमचं काम जवळजवळ झालंच म्हणा," तो म्हणाला. "फक्त आपल्यातच ठेवा, जागा आता एकच उरलीय."

"अच्छा," लोर्ना म्हणाली.

"आणि तुमची ती मैत्रीण. गोड आहे हो. तिचं घरचं वातावरण वगैरे... कसं काय?"

एवढं बोलून तो गप्प बसला. सरळ काही विचारायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. आणि फोनवरची शांतता म्हणजे इथल्या माणसाला फासच. कुणीतरी काहीतरी गोड बोलून ती बुजवायलाच हवी. लोर्नानं बुजवली.

"खूप हुशार आहे हो ती. आजीशी तर पंजाबीतच बोलते! दोन-दोन भाषा येतात तिला."

"हो का? घरी पंजाबी. वा, फारच छान."

पलीकडून कीबोर्डवर बोटं टकटकल्याचा आवाज आला. लोर्नाला तो स्वच्छ ऐकू आला. रोमानाचं पंजाबी म्हणजे 'मीठ दे', 'बूट काढ' आणि 'कुणी खाल्लं', आणि तेवढ्यावरही तिची आजी खो खो हसायची, हे लोर्ना स्वतःच्या डोळ्यांनी बघत आली होती. मी तर तिचं कौतुकच केलं, असं तिनं स्वतःला बजावलं आणि डिंकाच्या बाटल्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

चार दिवसांनी दोघींना ईमेल आले. लोर्नाची निवड झाली होती. रोमानाला कळवलं होतं की, इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या उमेदवारांचाच सध्या विचार होतो आहे, क्षमस्व.

"मातृभाषा?" रोमाना म्हणाली. "मग माझी कुठली? हा शोध कुणी लावला?"

"नीच आहे तो माणूस! डुक्कर!" लोर्ना ओरडली. "त्याच्या तोंडावर थुंकलं पाहिजे." तिनं पिअर्सला इतक्या मनापासून शिव्या घातल्या की तिचे डोळे भरून आले. सगळ्यात ओंगळ प्रकार तर तोच होता.

रोमानानं तिला पाणी दिलं. मग सहज विचारलं, "तुला फोन केला होता ना त्यानं? माझ्याबद्दल काय विचारलं?"

"काही नाही गं. वक्तशीर आहे का, वगैरे. नेहमीचंच."

"असं होय," रोमाना म्हणाली. "मी त्याच्या कंपनीला पत्र टाकलंय. आपल्याबद्दल त्यांनी जे जे लिहून ठेवलंय ते मागितलं तर महिन्याच्या आत द्यावं लागतं. कायदाच आहे."

सांगायचं तर आताच, हे लोर्नाला कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. तिनं कप विसळायला घेतले.

पुढचे चार आठवडे तिला कशातच चव लागेना. करार आला. त्यात लिहिलं होतं की शाळेला विचारल्याशिवाय केस कापायचे नाहीत आणि तिचा तो दात दाखवणारा फोटो शाळेच्या बसवर छापला जाईल. तो वाचून तिच्या अंगावर काटा आला, तरी तिनं सही केली. रोमाना दर रविवारी सामान भरायला यायची. स्वेटर गुंडाळून द्यायची, चहाच्या पुड्या मोज्यांत कोंबायची. चमचे मांडून समजावलेल्या धड्यांची वहीसुद्धा तिनं आपल्या हातानं बॅगेत ठेवली. "तुला लागेल," म्हणाली. लोर्ना दर रविवारी ठरवायची, आज सांगते. आणि दर रविवारी म्हणायची, "किती गं चांगली तू!"

शेवटच्या शुक्रवारी, शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत निरोप होता. रिवाजाप्रमाणे आठवडाभर एक मोठं कार्ड खाकी पाकिटातून गुपचूप हातोहात फिरलं होतं, आणि रिवाजाप्रमाणेच आपल्याला काहीच माहीत नसल्याचं नाटक लोर्नानंही केलं होतं. टेबलावर सुरवंटाच्या आकाराचा चॉकलेटचा केक होता. त्याचं पांढऱ्या चॉकलेटचं हसरं तोंड ज्याचा निरोप असेल त्यालाच द्यायचं असतं.

"कार्ड वाच, वाच मोठ्यानं!" मुख्याध्यापिका ओग्डनबाई म्हणाल्या.

लोर्नानं वाचायला सुरुवात केली. शुभेच्छा, मजा कर, आम्हाला विसरू नकोस. खाली कोपऱ्यात रोमानाचं वळणदार अक्षर होतं. ते पाहून तिनं कार्ड मिटायला घेतलं. ओग्डनबाईंनी तिच्या खांद्यावरून डोकावून तेही वाचून टाकलं.

"'लोर्ना, तुझं इंग्रजी किती छान आहे! - रोमाना.' अगं बाई, हे काय? तुमच्या दोघींचा काही जोक आहे का?"

"हो, जुना आहे," रोमाना म्हणाली. ती केक कापत होती आणि तिनं वर पाहिलं नाही. "लोर्ना, त्या कंपनीचं पत्र आलं बरं का सोमवारी. फोनवर कोण काय बोललं, सगळं लिहून ठेवतात ते. व्यवस्थित आहेत."

खोलीतल्या बाकी कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुणीतरी नवी किटली ठेवली. कुणीतरी म्हणालं, "भाषण! भाषण!"

लोर्ना उठली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि रोमानाही आता बघत होती, शांतपणे, धडा समजला की नाही हे बघावं तसं. अजूनही ते एक वाक्य पुरलं असतं.

"तुम्ही सगळे," लोर्ना म्हणाली, "खरंच, किती चांगले आहात."

टाळ्या पडल्या. रोमानानं केकचं ते पांढरं तोंड बशीत घालून तिच्यापुढे केलं.

"घे. हे तुझंच."

लोर्नानं ते तोंडात घातलं. ते गोड मिट्ट होतं, टाळूला चिकटलं आणि गिळताच येईना. रोमानानं खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यावर रोखला.

"दात दिसू देत," ती म्हणाली.

आणि लोर्नानं दात दाखवले.